‘काकू, आपण जॉइंट व्हेंचर करूया’

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव वगळून सारांश देते.

ताईंचं वय ५६. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. फंड, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून आलेले ३२ लाख पोस्टात आणि बँकेत ठेवलेत. राहतं घर ताईंच्या नावावर आहे. धाकट्या मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी आहेत. थोरल्या दिरांचा मुलगा पुण्यातली नोकरी सोडून गावाकडे आलाय आणि त्याला बेदाण्याचं पॅकिंग आणि निर्यात सुरू करायची आहे. त्यासाठी तो काकूंकडे १५ लाख मागतोय. उसने म्हणत नाही, भागीदारी म्हणत नाही, ‘जॉइंट व्हेंचर’ म्हणतो. त्यानं अकरा पानांचा कागद करून आणलाय. त्यात ‘महिना दोन टक्के हमखास’ असं आहे. तोंडी सांगतो, ‘काकू, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सही.’ ताई विचारतात, हे कर्ज आहे, मदत आहे, की मी मालकीण होणार? पण हेच त्याला विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. जाऊबाई आत्ताच म्हणाल्यात, ‘घरच्या पोरावर भरवसा नाही का?’ नाही म्हटलं तर घरात फूट, हो म्हटलं तर झोप उडणार. पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिलंय, ‘आमची द्राक्षबाग होती तेव्हा शेडवर बेदाणा मीच निवडायचे. पण हे व्हेंचर-बिंचर मला कळत नाही.’

ताई,

तुम्ही पाठवलेले कागदाचे फोटो मी छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन बसले. अकरा पानांत ‘व्हेंचर’ सतरा वेळा आलंय. पहिल्या पानावर ते कंपनीच्या अर्थानं आहे, चौथ्यावर तुमच्या पैशांच्या, आणि सातव्या पानावर ‘आपलं व्हेंचर साता समुद्रापार नेऊ’ इथे ती नुसती उमेद आहे. अर्थ मात्र कुठेच दिलेला नाही. तेव्हा ‘मला कळत नाही’ हे मनाला लावून घेऊ नका. तुमच्या पुतण्यालाही ते धड कळलेलं दिसत नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात अठ्ठावीस वर्षं काढली, असे कागद पोत्यानं पाहिले. लिहिणारा लबाड असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो उत्साही असतो, आणि इंग्रजी शब्द त्याच्या उत्साहाला कोट-टाय चढवतो.

आधी शब्दाचंच बघू. व्हेंचर हा अ‍ॅडव्हेंचरचाच आखूड झालेला भाऊ. मूळ लॅटिन, अर्थ साधारण ‘पुढे येऊ घातलेलं’, म्हणजे काय येईल ते आल्यावरच कळणार. व्यापारात हा शब्द रुळला तो जहाजांमुळे. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० च्या ३१ डिसेंबरला. जेम्स लँकेस्टर या कप्तानाच्या हाताखाली पहिली जहाजं १६०१ मध्ये निघाली आणि १६०३ मध्ये मिरी घेऊन परत आली. त्या सुरुवातीच्या काळात कंपनीचं भांडवलही आजच्यासारखं कायमचं नसे. एका सफरीपुरती वर्गणी गोळा करायची, जहाज परत आलं की माल विकायचा, हिशेब मिटवायचा, ज्याचं त्याला द्यायचं. पुढच्या सफरीची वर्गणी पुन्हा नव्यानं.

या जुन्या व्यवहारातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पैसे घालणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असे की जहाज बुडू शकतं. आणि हेही ठाऊक असे की हा व्यवहार कधी संपणार. पुतण्याच्या कागदात बुडण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि जहाज परत कधी येणार तेही नाही.

मराठीत आपण ‘व्हेंचर कॅपिटल’ला साहस भांडवल म्हणतो. गंमत म्हणजे आपल्या जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा गुन्हा होता. मारहाण, जबरी चोरी, असल्या गोष्टी त्यात येत. एकत्र येऊन केलेल्या धंद्याला तिथे वेगळाच भारदस्त शब्द आहे, ‘संभूयसमुत्थान’. याज्ञवल्क्य स्मृतीत त्याचा नियम दिलाय: व्यापाऱ्यांनी मिळून धंदा केला तर नफा आणि तोटा दोन्ही ज्यानं जेवढं द्रव्य घातलं त्या प्रमाणात, किंवा आपसात जसं ठरलं असेल तसं. ‘आपसात जसं ठरलं असेल तसं’, म्हणजे विचारायचं आणि ठरवायचं हे तेव्हापासून चालत आलंय. तो अविश्वास असता तर स्मृतिकारांनी त्याचा नियम केला नसता. जाऊबाईंना हे सांगा असं मी म्हणत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण तुमच्या मनाला सांगा.

आता कायद्याचं. ‘जॉइंट व्हेंचर’ नावाची वेगळी नोंदणी आपल्याकडे होत नाही. दोघांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ते कुठल्या रूपात करायचं हे वेगळं ठरवावं लागतं. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर आणि अमेरिकेची कमिन्स यांनी मिळून किर्लोस्कर कमिन्स काढली, ती रीतसर कंपनी होती. हिरो होंडाही तशीच. १९८४ मध्ये सुरू झाली, दोघांचे २६-२६ टक्के, आणि २०१० मध्ये दोघं वेगळे व्हायचं ठरलं तेव्हा होंडानं आपला वाटा हिरोवाल्यांना विकला. एवढ्या बड्या मंडळींनीही कोणाचे किती आणि निघायचं कसं हे कागदावर ठेवलं होतं. तुमच्या कागदात तुमचे किती टक्के, हेच नाही. ‘काकूंचा सन्माननीय सहभाग’ असं आहे. सन्मानाला टक्केवारी नसते, ताई.

तुम्ही विचारता, कर्ज की मालकी. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त शेतीच्या भाषेत. रान खंडानं दिलं तर काय होतं? पीक येवो न येवो, ठरलेला खंड मिळाला पाहिजे. पाऊस पडला नाही ही कसणाऱ्याची अडचण. वाट्यानं दिलं तर? जे येईल त्यातला वाटा. बंपर आलं तर बंपरमधला, आणि अवकाळीनं झोडपलं तर झोडपलेल्यातला. कर्ज म्हणजे खंड, भागीदारी किंवा शेअर म्हणजे वाटा. खंडवाला ‘यंदा चांगलं पिकलंय, जास्त द्या’ म्हणू शकत नाही. वाटेकरी ‘काही झालं तरी माझी दहा पोती’ म्हणू शकत नाही.

या कसोटीवर पुतण्याचं ‘महिना दोन टक्के हमखास’ लावून बघा. १५ लाखांवर महिन्याला ३० हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार. हमखास असेल तर ते व्याज झालं, आणि तुम्ही सावकार. मग नावात व्हेंचर कशाला? आणि खरंच व्हेंचर असेल तर हमखास कुठून आलं? धंद्याच्या पहिल्याच वर्षी, एकही पेटी समुद्रापार जाण्याआधी, दर महिन्याला ३० हजार तो कशातून देणार? एकच जागा दिसते, तुमच्याच १५ लाखांतून. तसं झालं तर तुमचेच पैसे हप्त्याहप्त्यानं परत घेताना तुम्ही त्याला ‘गुणाचा गं माझा’ म्हणत असाल. (इतर वाचकांसाठी: व्हेंचर आणि हमखास हे दोन शब्द एका कागदावर दिसले की, समोर पुतण्या असो की चकचकीत ऑफिस, चहा पिऊन उठायचं.)

मग काय काय करता येईल?

उसने द्यायचे असतील तर उसने म्हणून द्या. बँकेतून बँकेत पाठवा, वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) करून घ्या, व्याज झेपेल असं ठेवा आणि परतीची तारीख लिहा. एक बारीक गोष्ट घरच्या व्यवहारात हमखास निसटते. उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. घरचाच मुलगा म्हणून चार वर्षं गप्प बसलात तर कायदाही तुमच्यासारखाच गप्प बसतो. त्या मुदतीत त्यानं ‘एवढं देणं आहे’ असं लिहून सही करून दिलं तर मुदत पुन्हा नव्यानं मोजली जाते. दर पाडव्याला असं एक पत्र घेत जा, कोणी विचारलं तर हिशेबाच्या वहीला लागतं म्हणा.

‘फक्त सही’वाली भागीदारी मात्र नको. हे मी जरा जोरात म्हणतेय, कारण माझ्याकडून एक काम झालंय ते अजून मनात आहे. एका दुकानाच्या भागीदारीत मालकाची बहीण निम्म्याची भागीदार होती. दुकानात तिनं एकदाही पाय ठेवला नव्हता, राखीपौर्णिमेला भावानं कागद पुढे केला आणि तिनं सही केली. दुकान बुडालं. भावाकडे काही उरलं नव्हतं, बहिणीचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. वसुलीची नोटीस तिला गेली, आणि त्या नोटिशीवर सही माझी होती. ती बाई बँकेत येऊन एवढंच म्हणाली, ‘मी तर काहीच केलं नव्हतं.’ १९३२ चा भागीदारी कायदा तेच धरून चालतो. तुम्ही काही करा, नका करू, भागीदार आहात तर फर्मच्या सगळ्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार. १५ लाख घातले म्हणून १५ लाखांपुरतीच जबाबदारी, असं तिथे नाही. तुमच्या राहत्या घरापर्यंत हात येऊ शकतो. फर्मची नोंदणी नसेल तर वर आणखी एक पंचाईत, भागीदार म्हणून आपला हक्क मागायला साधारणपणे कोर्टातही जाता येत नाही.

जबाबदारीला कुंपण हवं असेल तर त्याची सोय आहे. २००८ च्या कायद्यानं आलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, किंवा खाजगी कंपनीचे शेअर. तिथे साधारणपणे घातलेल्या पैशांपुरतंच नुकसान होतं. पण कुंपणाला एक फाटक असतं आणि त्याची किल्ली बँकेकडे असते. धंद्याला कर्ज देताना बँक वैयक्तिक हमी मागते. हमीपत्रावर काकूंची सही झाली की कुंपण असून नसल्यासारखं. त्यामुळे कुठल्याही रूपात गेलात तरी जामीन राहणार नाही आणि घर तारण देणार नाही, हे पहिल्याच पानावर लिहून घ्या. आणि कंपनीचे शेअर घेणार असाल तर ते परत कोण विकत घेणार, कोणत्या भावानं, हेही. छोट्या कंपनीचे शेअर म्हणजे बाहेरून कडी लागणारी खोली. आत शिरणं सोपं असतं, बाहेर पडायला दुसऱ्या कोणीतरी दार उघडून द्यावं लागतं.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण माझी गाडी तिथेच अडकली. शेडवर बेदाणा तुम्ही निवडायचात! मग ‘तुम्हाला काही करायचं नाही’ हे तुम्ही ऐकून कसं घेतलंत?

हा मुलगा पुण्यात नोकरीला होता. त्याला एक्सेल येत असेल, परदेशी ग्राहकाला मेल लिहिता येत असेल. पण चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो हे त्याच्या हिशेबात आहे का? मला तिसऱ्या पानावरच्या आकड्यांत तरी दिसलं नाही. शेडच्या जाळीवर माल वाळत असताना मार्च-एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं की पोटात काय होतं, ते त्याला माहीत आहे? डिपिंग, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवणं, नीट झालं नाही तर, गंधकाची धुरी कमी-जास्त झाली तर, कोल्ड स्टोरेजमध्ये टाकायला उशीर होऊन माल काळवंडला तर? मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन हिरवट, पिवळा, काळपट वेगळा करणारे डोळे तुमच्याकडे आहेत. त्याच्या अकरा पानांत या डोळ्यांची किंमत शून्य धरलीय आणि तुमच्या मुदतठेवीची १५ लाख. तुम्हीही तसंच धरलंय, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तुम्ही समोर दोनच दारं ठेवलीत, १५ लाख द्यायचे नाहीतर नाही म्हणायचं. मला तिसरं दिसतं. खऱ्या, जुन्या अर्थाचं व्हेंचर करा. एक सफर, म्हणजे एक हंगाम. भागीदारी कायद्याच्या आठव्या कलमात एका ठरावीक कामापुरती भागीदारी करायची सोय आहे, आणि मजा म्हणजे इंग्रजी कायद्यात तिथे ‘अ‍ॅडव्हेंचर’ हाच शब्द वापरलाय. यंदा अमुक इतका माल घ्यायचा, कोल्ड स्टोरेजची पावती दोघांच्या नावावर, त्या पावतीवर कर्ज उचलायचं नाही, उधारीवर काही घ्यायचं नाही. निवड आणि प्रतवारी काकूंकडे, विक्री पुतण्याकडे. तुमच्या कामाचा वाटा वेगळा, पैशाचा वेगळा, दोन्ही आकड्यांत. भागीदारीची जबाबदारी इथेही सुटत नाही, पण देणं करायचंच नाही असं ठरलं तर अंगावर येणारंही आटोक्यात राहतं. कागद मात्र तुमच्या ओळखीच्या सीएला दाखवा, पुतण्याच्या नव्हे.

हिशेब कधी मिटवायचा, याचं उत्तर तुमच्या बाजारातच आहे. तासगाव-सांगलीकडे दिवाळीच्या सुमाराला बेदाण्याचे सौदे थांबवून मागची येणी-देणी पुरी करतात, ‘झिरो पेमेंट’ म्हणतात ते. तीच तुमची जहाज परत येण्याची तारीख. त्या दिवशी दोघांनी वही उघडायची. जमलं तर पुढची सफर, नाही जमलं तर ज्याचं त्याला. निर्यात पुढच्या वर्षी करा, समुद्र कुठे जात नाही.

किती घालायचे? १५ लाख हे तुमच्या ३२ लाखांतले जवळजवळ निम्मे आहेत, आणि हे पैसे पुन्हा कमावता येणारे नाहीत. मी बँकेत लोकांना एकच गोष्ट करायला लावायची. एका कागदावर लिहा, ‘हे पैसे गेले.’ मग त्याखाली लिहा, पुढच्या महिन्यापासून काय बदलेल. मुलीची फी अडणार असेल तर आकडा खाली आणा. पुन्हा लिहा. ज्या आकड्याला खाली ‘वाईट वाटेल’ एवढंच लिहिण्यासारखं उरतं, तो तुमचा आकडा. माझ्या अंदाजानं तो दोन-तीन लाखांच्या पुढे जाणार नाही. शून्य आला तरी चालेल. मग पैसे न घालता फक्त निवडीचं काम मजुरीवर किंवा वाट्यावर करा, तोही सहभागच आहे, आणि ‘सन्माननीय’पेक्षा बरा.

राहता राहिला अविश्वासाचा प्रश्न. तुम्ही धरून चाललात की विचारलं की नातं दुखावतं. माझ्या टेबलासमोर जी दुखावलेली नाती बसायची, त्यांत विचारल्यामुळे बिघडलेलं एखाददुसरं असेल. बाकीची न विचारल्यामुळे बिघडलेली. दोघांच्या डोक्यात दोन वेगळे व्यवहार असतात. काकूला वाटतं मी उसने दिले, पुतण्याला वाटतं काकूंनी जोखीम घेतली. धंदा चालतो तोवर कोणाला पत्ता लागत नाही. बुडाला की दोघंही मनापासून खरं बोलत असतात आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतो. जाऊबाईंना उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच म्हणा, ‘भरवसा आहे म्हणून तर त्याच्याबरोबर बसून कागद करतेय.’ त्यांनी तरीही तोंड फिरवलं तर काही दिवस फिरवू द्या. सणाला येतील.

तो रविवारी येणार असं तुम्ही लिहिलंय. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका, ‘नंतर भरतो’ म्हणाला तरी. त्याचा अकरा पानी कागद समोर ठेवा, पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘जिथे जिथे व्हेंचर लिहिलंयस तिथे खोड, आणि वर मराठीत लिही, नक्की काय ते.’ सतरा जागा आहेत, तासभर लागेल. तो लिहीत असताना दुकानातून आणलेला पावशेर बेदाणा ताटात ओता आणि तुमच्या सवयीनं निवडत बसा. त्याचं लक्ष कागदावरून ताटाकडे गेलं, आणि ‘काकू, हा वेगळा का काढलात?’ असं त्यानं विचारलं, तर त्या मुलाबरोबर एक हंगाम काढायला माझी हरकत नाही.